‘शॉक’ हा शब्द आपणच आवाज खाली आणून का उच्चारतो?

प्रश्न असा आहे : “मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. करते आहे. आमच्या वॉर्डात आठवड्यातून तीन दिवस ईसीटी, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात ती, असते. मी अजून एकदाही आत गेलेले नाही. खरं सांगायचं तर मला ते आतून पटत नाही. आमच्या सिनियर सायकॉलॉजिस्ट म्हणतात, आपण त्यात पडायचं नाही. सायकियाट्रिस्ट सर म्हणतात, तुम्हा लोकांना त्यातलं कळत नाही. नातेवाईक मात्र बाहेर मलाच गाठतात आणि विचारतात, ‘मॅडम, शॉक देऊ द्यायचा का?’ मी काय सांगू? आणि याच क्षेत्रातल्या लोकांचं याबद्दल एकमत का नाही?”

तुम्ही अजून ज्या खोलीत गेला नाहीत, त्या खोलीत मी सायकियाट्रीची रेसिडेंट म्हणून पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे भूलतज्ज्ञ नव्हते. १९९०च्या दशकाचा मध्य. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. तेव्हा कितीतरी ठिकाणी असंच चालायचं. एक लाकडी टेबल, गॉज गुंडाळलेला माउथ गॅग आणि चार माणसं. एकानं खांदे धरायचे, एकानं कंबर, दोघांनी गुडघे. धरायचं ते पेशंट पळू नये म्हणून नव्हे, तर फिट आल्यावर मणका किंवा खांद्याचं हाड मोडू नये म्हणून. याला डायरेक्ट ईसीटी म्हणायचे. मी गुडघे धरले होते. बाहेर बाकावर पुढचे सहाजण उपाशीपोटी ओळीनं बसलेले, आणि दार नीट लागत नव्हतं.

त्या बाकाबद्दल आमच्यात कुणी बोलत नसे. आत जे व्हायचं ते पेशंटला पुढे आठवत नसे, पण बाकावरची वाट पाहणं आठवायचं. ‘शॉक’ या शब्दाची जी दहशत महाराष्ट्रभर पसरली त्यात हिंदी सिनेमाचा वाटा आहेच, पण त्या बाकावरून घरी गेलेल्या माणसांनी सांगितलेल्या खऱ्या गोष्टींचाही आहे. म्हणून तुमचा विरोध मला अज्ञानातून आलेला वाटत नाही. तो कशाला आहे, एवढंच तुम्हाला तपासून पाहावं लागेल.

लोक समजतात की करंट मेंदूतून गेला की त्या करंटनं माणूस बरा होतो. बरं करते ती फिट. करंट फक्त ती सुरू करतो. विजेच्या आधी, १९३४ साली, बुडापेस्टमध्ये मेदुना नावाच्या डॉक्टरांनी कापूर टोचून फिट आणली होती आणि नंतर कार्डियाझोल हे औषध वापरलं. ते इंजेक्शन गेल्यापासून फिट येईपर्यंतच्या क्षणांत पेशंटला मृत्यूची भीती वाटायची, ती इतकी की पुन्हा सुई पाहिली तरी माणसं किंचाळत. १९३८मध्ये रोमला चेर्लेत्ती आणि बिनी यांनी फिट आणायला वीज वापरली, तेव्हा तो त्या मानानं सौम्य उपाय वाटला. मेदुनांचा सिद्धांत असा की एपिलेप्सी आणि सिझोफ्रेनिया एकमेकांच्या विरोधी आहेत. तो चुकीचा निघाला, उपचार मात्र टिकला. आणि हेही तुम्हाला माहीत असायला हवं की रोमच्या त्या पहिल्या पेशंटची संमती कुणी घेतली नव्हती. या उपचाराची सुरुवातच निर्मळ नाही. ते लपवून आपण लोकांचा विश्वास मिळवू शकणार नाही.

आता आजची खोली. आदल्या रात्री केस धुवायचे आणि तेल लावायचं नाही, कारण तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड नीट बसत नाही. हे साधं वाटतं, पण मी आयांना रडताना पाहिलंय. मुलगी आजारी आहे, आपल्या हातात काही उरलेलं नाही, निदान डोक्याला तेल तरी चोळावं, तर तेही नको म्हणतात. सकाळी मंगळसूत्र, बांगड्या, कवळी, नेलपॉलिश काढायचं. मंगळसूत्र नवऱ्यानं रुमालात बांधून खिशात ठेवायचं आणि बाहेर थांबायचं. आत भूलतज्ज्ञ, मॉनिटर, ऑक्सिजन. सलाईनमधून थायोपेंटोन किंवा प्रोपोफॉल हे भुलेचं औषध. पेशंट झोपला की एका पायाच्या घोट्यावर बीपीचा पट्टा फुगवतात आणि मग स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन देतात. पट्ट्यामुळे ते त्या पावलापर्यंत पोचत नाही. सगळं शरीर ढिलं पडतं, पाऊल तेवढं राहतं. दातांमध्ये बाइट ब्लॉक. बटण काही सेकंद दाबलं जातं. जबडा आवळतो, आणि मग त्या एका पायाची बोटं तीस-चाळीस सेकंद थरथरतात. मशीनच्या कागदी पट्टीवर ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युत-लहरींच्या, रेघा उंच उठतात आणि सपाट होतात. धरून ठेवायला कुणी लागत नाही. दहा-पंधरा मिनिटांत माणूस डोळे उघडतो, आपण नाव विचारतो, तो सांगतो. तासाभरानं चहा-बिस्किट.

या दोन खोल्यांमध्ये अंतर पडलं ते फक्त आम्हा डॉक्टरांना आपणहून सुचलं म्हणून नाही. पुण्यातल्याच बापू ट्रस्टसारख्या संस्थांनी भूल न देता दिल्या जाणाऱ्या शॉकविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. आमच्यातले अनेकजण त्यावर चिडायचे. “भूलतज्ज्ञ मिळत नाही तिथे डायरेक्ट दिली तर निदान माणूस वाचतो,” हा युक्तिवाद मी स्वतः केलेला आहे. त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. पण त्याच्या आड आम्ही बरीच वर्षं काढली. अखेर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५नं डायरेक्ट ईसीटीवर बंदी घातली. या कायद्याच्या मसुद्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राचा मोठा सहभाग होता. अठरा वर्षांखालच्या मुलांना द्यायची तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते. तातडीच्या उपचारांचं जे कलम आहे, त्याखाली ईसीटी देताच येत नाही. आवाज उठवणाऱ्यांतले काही मित्र ईसीटी पूर्णच थांबवा म्हणतात. तिथे माझं त्यांच्याशी जमत नाही. पण डायरेक्ट ईसीटीबद्दल ते बरोबर होते आणि आम्ही उशिरा बरोबर झालो.

पूर्ण थांबवा याला माझा विरोध का, तर जुन्नर तालुक्यातल्या एका सुनेमुळे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय अठ्ठावीस. बाळंतपणानंतर सात आठवड्यांनी बोलणं थांबलं, मग खाणं, मग पापणी हलवणं. हात वर करून सोडला तर तिथेच राहायचा. घरच्यांनी आधी देवऋषी केला, “बाहेरचं” काढून झालं, मग आमच्याकडे आणली. नाकातून नळी, पाठीवर बेडसोअरची सुरुवात. हा कॅटाटोनिया. लोराझेपामची इंजेक्शनं आधी देतात, दिली. दोन दिवस थोडा फरक पडला आणि पुन्हा जैसे थे. सासूबाईंनी “करंट” म्हटल्यावर पदर तोंडाला लावला. नवरा दोन दिवस निर्णय घेऊ शकला नाही. अखेर सहा वेळा दिली. तिसऱ्यानंतर दुपारी ती उशीवरून मान वळवून सासूला म्हणाली, “म्हशीची धार कोन काढतंय?” सासूबाई मला बोलवायला कॉरिडॉरमधून अक्षरशः धावत आल्या.

कॅटाटोनिया, भ्रम-भास असलेलं तीव्र डिप्रेशन, अन्नपाणी सोडलेला किंवा सतत आत्महत्येच्या कडेवर असलेला माणूस : इथे औषधांचा गुण आला नाही, तर ईसीटीइतका परिणामकारक उपाय आजही आपल्याकडे क्वचितच आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात (२००१) ज्यांनी पूर्ण कोर्स केला, त्यांतल्या भ्रम असलेल्या डिप्रेशनच्या पेशंटपैकी ९५ टक्के लक्षणमुक्त झाले. जिवाचा धोका एक लाख सत्रांमागे सुमारे २ मृत्यू इतका, म्हणजे लहानसहान शस्त्रक्रियेसाठी भूल देताना असतो तितपत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय की सायकियाट्रिस्टपेक्षा सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर आणि नर्सेस ईसीटीबद्दल जास्त साशंक असतात, आणि ज्यांना माहिती जास्त, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली, त्यांचं मत जास्त अनुकूल असतं. यावरून आमच्यातले काहीजण सरळ निष्कर्ष काढतात : यांना दाखवा, म्हणजे मत बदलेल. तुमच्या सरांचं “तुम्हाला कळत नाही” हे त्यातूनच आलंय. मला ते अर्धंच खरं वाटतं. आपण प्रत्येकजण पेशंटचा वेगळा तुकडा पाहतो. मी त्याला पहिल्या आठवड्यात पाहते, मरणाच्या दारात, आणि चौथ्या आठवड्यात चालत घरी जाताना. तुम्ही त्याला तिसऱ्या महिन्यात पाहता, जेव्हा तो म्हणतो, “बहिणीच्या साखरपुड्याला मी होतो म्हणतात, फोटोतही आहे, पण मला काहीच आठवत नाही.” मी जीव वाचलेला पाहते, तुम्ही हरवलेला साखरपुडा पाहता. दोन्ही एकाच माणसाचं आहे.

सायकियाट्रिस्टही एका बाजूला नाहीत, हे बाहेरच्यांना कळत नाही. पेठेत पहिल्या मजल्यावर क्लिनिक, ना बेड ना भूलतज्ज्ञ. मग ईसीटीचं नाव काढलं की पेशंट जाणार, हे माहीत असतं. सहा महिने औषधं बदलत राहणं सोपं जातं. पेशंट आमच्याकडे पोचतो तेव्हा आजार मुरलेला असतो. वर फॅमिली डॉक्टर सांगतात, “शॉकबिक अजिबात घेऊ नका हं.” अशा घरात मी तासभर बोलले तरी त्यांच्या त्या एका वाक्यापुढे ते टिकत नाही. आणि वॉर्डात? एका हॉस्पिटलात मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, जेवण भिरकावणाऱ्या मुलाला वॉर्डबॉय मामा सांगत होते, “नीट बस, नाहीतर शॉकला नेईन.” मी त्यांना बाजूला घेऊन रागावले. पण त्यांना ते वाक्य कुठून मिळालं? आम्ही राउंडला उपचारांची यादी करताना ईसीटी सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून म्हणतो. औषधं मोठ्यानं आणि ही दबक्या आवाजात. ऐकणाऱ्याला बरोबर कळतं की ही काहीतरी लाजिरवाणी गोष्ट आहे. पुण्यात कुणी जरा वेडंवाकडं वागलं की “याला येरवड्याला पाठवा” म्हणतात. त्या वाक्यानं तिथल्या अख्ख्या मनोरुग्णालयाची शिवी झाली. लोकांना आपण नावं ठेवतो, पण आमच्या दबक्या आवाजानंही तेच केलं.

यातला माझा वाटा सांगते. २००० नंतरची गोष्ट. निवृत्त शिक्षक, सत्तरीच्या आसपास. आपली आतडी कुजली आहेत, आपल्यामुळे घर भिकेला लागलं आहे, असा पक्का भ्रम. अन्न बंद. मुलगी म्हणाली, “मॅडम, बाबांना शॉक म्हणू नका, ते हाय खातील.” मी मान डोलावली. त्यांना सांगितलं, “झोपेचं इंजेक्शन देऊन मेंदूला थोडी विश्रांती देतो.” सही मुलीची. सात वेळा दिली आणि ते छान बरे झाले, वर्तमानपत्र वाचायला लागले. पुढे विम्याच्या कागदांसाठी त्यांनी डिस्चार्ज कार्ड उघडलं. फॉलोअपला आले ते कार्ड हातात घेऊन. आवाज चढवला नाही. म्हणाले, “बाई, मी बरा झालो हे मी नाकारत नाही. पण चाळीस वर्षं मी मुलांना अवघड गोष्टी समजावून सांगितल्या. मला ही समजली नसती असं तुम्हाला का वाटलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षांनी आजार उलटला तेव्हा ते माझ्याकडे आले नाहीत आणि ईसीटीला कुठेच तयार झाले नाहीत. गोळ्यांवर सावरायला त्यांना जवळपास वर्ष लागलं, असं मुलीनं नंतर कळवलं. ते वर्ष त्यांना माझ्या एका वाक्यामुळे काढावं लागलं, असं मी मानते.

तेव्हापासून मी आजारी माणसालाही सांगते, तो ऐकत नाहीसा वाटला तरी. आणि नातेवाइकांना काय सांगायचं, हे तुम्ही विचारलंत, तर मी साधारण असं सांगते :

“याला लोक शॉक म्हणतात, आम्ही ईसीटी म्हणतो. भूल देऊन, झोपेत, मेंदूत थोडा वेळ फिट आणायची. वेदना कळत नाही. उठल्यावर डोकं दुखेल, अंग ठणकेल, थोडा वेळ गोंधळायला होईल. आठवड्यातून दोन-तीन वेळा, साधारण सहा ते बारा. स्मरणशक्तीवर परिणाम होतो. नवीन गोष्टी लक्षात न राहणं बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं. पण आजारपणाच्या आणि त्याच्या आधीच्या काही महिन्यांतल्या काही आठवणी कायमच्या जाऊ शकतात, आणि कोणाच्या किती जातील हे आधी सांगता येत नाही. फोनचा पिन, एटीएमचा पिन घरात कुणाजवळ तरी लिहून ठेवा. कोर्स चालू असताना गाडी चालवायची नाही, खरेदीखत-बक्षीसपत्रावर सह्या नकोत. आणि कोर्स संपला म्हणजे आजार संपला असं नाही, गोळ्या चालू ठेवायच्या.”

या शेवटच्या वाक्यावर मी थांबते आणि पुन्हा सांगते. २००१ सालच्याच आणखी एका अभ्यासात, ईसीटीनं बरे झालेल्यांपैकी ज्यांना पुढे तुलनेसाठी औषध नसलेल्या (प्लासिबो) गोळ्या दिल्या, त्यांतले ८४ टक्के सहा महिन्यांत पुन्हा आजारी पडले. नॉर्ट्रिप्टिलिन आणि लिथियम ही दोन्ही औषधं घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. “शॉक देऊन पण काही उपयोग झाला नाही” असं गावाकडे जे ऐकू येतं, त्यातली बरीचशी उदाहरणं अशी गोळ्या सुटलेली असतात.

विस्मरणाबद्दल मात्र हातचं राखून बोलू नका. २००३ साली ब्रिटनमध्ये पेशंटच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेला आढावा निघाला, त्यात किमान एक तृतीयांश लोकांनी टिकून राहिलेलं विस्मरण नोंदवलं. आमच्या चाचण्यांत ते फारसं दिसत नाही, कारण आम्ही शब्दांच्या याद्या विचारतो, साखरपुडा विचारत नाही. इथे तुमची मोठी गरज आहे. कोर्सच्या आधी एक तास पेशंट आणि घरच्यांबरोबर बसून गेल्या वर्षभरातल्या दहा-बारा प्रसंगांची नोंद करा. कोर्सनंतर आणि तीन महिन्यांनी तेच विचारा. आठवणी जाताहेत असं दिसलं तर तुमच्या सरांना सांगा. इलेक्ट्रोड दोन्हीकडे न लावता फक्त उजव्या बाजूला लावता येतात, करंटचे पल्स आणखी बारीक करता येतात, दोन सत्रांमधलं अंतर वाढवता येतं. हे सांगायला सायकॉलॉजिस्ट वॉर्डात असणं म्हणजे “त्यात पडणं” नव्हे. तुमच्या मॅडमना मी मानानं हेच सांगेन.

आणि जिथे अडून बसायला हवं तिथे जरूर अडून बसा. सकाळी सात वाजता, ट्रॉलीवर झोपलेल्या माणसाच्या हातात पेन देऊन संमतिपत्रावर सही घेतली जात असेल, तर ती संमती नाही. वॉर्डात त्रास देतो म्हणून ईसीटी लिहिली असेल, तर तो उपचार नाही. ईईजीची पट्टी निघत नसेल, पुढचे पेशंट आतलं पाहू शकतील अशा ठिकाणी बसवले असतील, तर बोला. तो बाक मी पाहिलेला आहे. तो पुन्हा यायला पाच मिनिटं लागत नाहीत.

मला नेहमी विचारतात, “स्वतःच्या घरच्यांना द्याल का?” २०१७च्या कायद्यानं आपल्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवायची सोय केली आहे. मी माझं लिहून ठेवलंय : मी खाणंपिणं सोडलं किंवा बोलेनाशी झाले आणि औषधांचा गुण आला नाही, तर मला ईसीटी द्यावी. आधी उजव्या बाजूनं. मी डोळे मिटून पडले असले तरी मला दरवेळी, ‘ईसीटी’ हाच शब्द वापरून सांगावं.

तर एक सकाळ ठरवा आणि जा. नाश्ता करून जा, उपाशी असलं की पहिल्यांदा पाहताना चक्कर येते. भूलतज्ज्ञांच्या मागे उभं राहायला जागा मागा. करंटच्या वेळी जबडा आवळतो तेव्हा दचकायला होईल. तेव्हा चेहऱ्याकडे न बघता पट्टा बांधलेल्या पायाच्या बोटांकडे बघा. मग रिकव्हरीत पेशंटच्या उजव्या हाताला स्टूल घेऊन बसा. तो जागा झाला की आधी तुमचं नाव सांगा, मग त्याचं विचारा. बाहेर नवरा किंवा आई उभी असेल, त्यांना लगेच जाऊन सांगा की जाग आली. ते रुमालात बांधलेलं मंगळसूत्र मुठीत धरून उभे असतात.